ई-रीडरवर ६१२ पुस्तकं झालीत, वाचतोय एकच. किती ठेवायची?

बिनकार्ड

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात विचारला तर बायको हसते आणि कंपनीत विचारला तर ई-रीडर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. म्हणून इथं टाकतोय.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. २६ वर्षं झाली. फेरोसिलिकॉन, बेंटोनाइट, ग्राइंडिंग व्हील, हातमोजे. कुठला आयटम कुठल्या रॅकला, शिल्लक किती, शेवटचा इश्यू कधी, झोपेतून उठवून विचारा. आणि माझ्याच पिशवीतल्या सहा इंची डबीत काय काय पडलंय ते मला सांगता येत नाही, अशी गत झालीय.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर म्हणाल "डिलीट करा की, त्यात काय". आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला राहतो. तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे हिशेब करा. गल्लीत पाणी शिरलं तसं सिलिंडर, धान्याचे डबे, मुलीची सर्टिफिकेटं, टीव्ही असं वरच्या मजल्यावर चढवलं. पुस्तकांचं कपाट राहिलं. ते भिंतीला स्क्रूनं पक्कं केलेलं होतं, मीच केलेलं, कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. पाणी ओसरल्यावर आलो तर कपाटाची दारं फुगून बसलेली, पहारीनं काढावी लागली. खालचे तीन कप्पे म्हणजे एकच वीट. कुठलं पुस्तक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. रद्दीवाल्यानं ओलं म्हणून हात लावला नाही. शेवटी गल्लीत डंपर आला त्यात टाकली. मोजली नाहीत. माझ्या आयुष्यात न मोजता बाहेर गेलेला तेवढा एकच माल.

एकच वाचवलं. पानापानांत पावडर टाकून आठवडाभर पंख्याखाली ठेवलं. आता ते मिटत नाही. वर पाटा ठेवून बघितला, पाटा काढला की परत फुगतं.

पुढं मुलीनं पहिल्या पगारातून ई-रीडर घेऊन दिला. म्हटलं ब्येस झालं, परत पाणी आलं तर खिशात घालून जिना चढायचा. १४ पुस्तकं होती. रोज रात्री वीसतीस पानं व्हायची. गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला, "मामा, एवढीच?" म्हणाला, आणि पेनड्राइव्ह काढून तासाभरात ६१२ करून दिली. मला तेव्हा आनंदच झाला, खोटं कशाला बोला.

तेव्हापासून चार्जिंग तिसऱ्या दिवशी संपतंय, पूर्वी दोन आठवड्यांच्या खाली बोलायचं नाही. पान उलटायला दम लागतो. यादीत अर्ध्या पुस्तकांची नावं 'स्कॅन ००१७' अशी, लेखक 'अज्ञात'. पण खरं दुखणं वेगळंच आहे. जेवण झालं की उघडतो, यादी वर करतो, खाली करतो, हे वाचू का ते वाचू, आणि त्यातच डोळा लागतो. तीन महिन्यांत एक पुस्तक झालं, तेही जुन्या १४ मधलं.

डबी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. चूक तिची नाही, भाच्याची आहे आणि त्याला थांबवला नाही ही माझी.

तर, किती ठेवावीत? मला आकडा पाहिजे. स्टोअरला प्रत्येक आयटमला मिनिमम-मॅक्सिमम असतं, तसा. आणि काढायची तर कशी, कारण त्या डंपरनंतर माझ्या हातून पुस्तक टाकलं जात नाही.

कॅलिबरवाला

बिनकार्डसाहेब, आकड्याचं नंतर बघू. आधी बॅटरी, कारण तिचा दोष तुम्ही समजताय तिथं नाही.

ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा पडदा पान बदलतानाच वीज खातो. पान समोर नुसतं उघडं असेल तर जवळपास काहीच लागत नाही, दिवा लावला असेल तर त्याचं काय ते. त्यामुळं तीन दिवसांत चार्जिंग संपत असेल तर आत कुणीतरी जागं आहे असं समजा. ते म्हणजे इंडेक्सिंग. नवीन पुस्तक आलं की यंत्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून शब्दांची सूची करतं, नंतर तुम्ही शोधलंत तर सापडावं म्हणून. एकदोन पुस्तकं असली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडं एका तासात सहाशे येऊन पडली. त्यात एखादी फाइल मोडकी असली की यंत्र तिच्यापाशी अडून बसतं. ती होत नाही आणि हे सोडत नाही. रात्रंदिवस तेच.

ॲमेझॉनचं किंडल असेल तर असं करा. होमवरच्या सर्चमध्ये इंग्रजी अक्षरं कशीही बडवा, कुठल्याच पुस्तकात नसेल असा शब्द. निकालाच्या पानावर अजून इंडेक्स न झालेल्या पुस्तकांची यादी मिळते. ती लिहून घ्या. एक रात्र चार्जिंगला लावून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. जी नावं जागची हलली नाहीत ती गुन्हेगार. तेवढी काढा आणि रीस्टार्ट करा. इथून पुढं नवीन टाकायची तर दहावीसच्या वर एका वेळी टाकू नका, आणि चार्जर लावून टाका.

जागेचं म्हणाल तर नुसत्या मजकुराची कादंबरी एक एमबीच्या आसपास असते. सहाशे कादंबऱ्या म्हणजे एक जीबीसुद्धा नाही. ८ जीबीच्या यंत्राला ते पेलतं. पेलत नाहीत ते स्कॅन केलेले पीडीएफ. ते एकेक ५० एमबी, १०० एमबी असतात. प्रत्येक पान म्हणजे फोटो, त्यामुळं अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंचावर मुंग्यांची रांग दिसते. मराठीत दुर्दैवानं तोच माल जास्त. असले पीडीएफ ई-रीडरवर ठेवूच नका, टॅबवर किंवा संगणकावर वाचा.

दुसरा एक मराठीचाच त्रास. युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर एकसारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या) आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं पीडीएफमध्ये डोळ्याला ठीक दिसतात, पण त्यांना ईपब (ई-पुस्तकाची फाइल, जिच्यात अक्षर लहानमोठं करता येतं) करायला गेलं की आतून इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं बाहेर पडतात. कारण त्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराला मराठी रूप चढवलेलं असतं. भाच्यानं घाऊक रूपांतर केलं असेल तर अशी बरीच सापडतील. बघताक्षणी काढा.

'अज्ञात' लेखकावर उपाय म्हणजे कॅलिबर, ई-पुस्तकं सांभाळायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, संगणकावर चालतं. आधी तिथं नाव आणि लेखक नीट भरा, मग यंत्रावर पाठवा. यंत्रात बसून दुरुस्ती होत नाही.

आता तुमच्या डंपरचं. काढणं दोन प्रकारचं असतं. विकत घेतलेलं किंवा 'सेंड टू किंडल'नं (ॲमेझॉनच्या, इंटरनेटवरून फाइल पाठवायच्या सोयीनं) पाठवलेलं पुस्तक यंत्रावरून काढलंत तरी खात्यात राहतं, पाहिजे तेव्हा परत उतरवा. (२०२२ पासून ईपबही तिथून जातं.) केबल लावून टाकलेलं मात्र यंत्रावरून काढलं की गेलं. तेव्हा सगळ्यात आधी यंत्र संगणकाला जोडा आणि भाच्याचा सगळा फोल्डर तसाच्या तसा उतरवून घ्या. मग निवांत काढा. आणि खात्यात आहे म्हणजे कायमचं आपलं, असंही धरून चालू नका. २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, हक्कांचा घोळ झाला म्हणून. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं न्यायची सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी बंद केली.

बिनकार्ड

वा. पहिल्यांदा कुणीतरी नीट इनस्पेक्शन केलं. पुढच्या रविवारी बसतो. आकडा राहिला बघा मात्र.

सातवी_गल्ली

मी राजारामपुरीत राहते, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आधी थोडं कडू बोलते, भाऊ, राग मानू नका.

पेनड्राइव्हवरून तासाभरात सहाशे पुस्तकं येतात, तेव्हा त्यातली बहुतेक चोरीची असतात. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. त्याच्या आधीचं कुणी फुकट वाटत असेल तर लेखकानं किंवा प्रकाशकानं तसं म्हटलेलं असायला हवं. मराठी प्रकाशक आधीच काय अवस्थेत आहेत ते मी सांगायला नको. फुकटच हवं असेल तर सरळ मार्गानं भरपूर आहे. विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात जुने लेखक आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं पुस्तकं देतं. साहित्य आणि संस्कृती मंडळानं स्वतःची कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत, ती मात्र पीडीएफ आहेत, वरती दादांनी सांगितल्याप्रमाणे संगणकावरच वाचा.

आता तुमचा आकडा. माझ्याकडं २३ आहेत. का २३, तर यंत्र उघडल्यावर यादी किती पानं उलटावी लागते ते मी बघते. तीनचार पानांच्या पुढं गेली की मी निवडायला बसते, वाचायला नाही. तुमचंही तेच झालंय. लहानपणी आम्हाला वाचनालयातून एका वेळी दोनच पुस्तकं मिळायची. दोनच, म्हणून ती वाचून व्हायची. शेजारणीनं काय नेलंय त्याच्यावर डोळा असायचा तो वेगळा.

तुम्हाला टाकवत नाही हे समजू शकते. पण करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. तिथली पुस्तकं माझीच आहेत असं मी आयुष्यभर समजत आले, म्हणून काय सगळी घरी आणून ठेवली?

एक व्यवहाराचं सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी अक्षर मोठं ठेवते, ठळकपणा दोन घरं वाढवते. मराठीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असल्यामुळं इंग्रजीला पुरतं ते माप आपल्याला पुरत नाही. वाचताना दमायला होतं तेव्हा पुष्कळदा दोष पुस्तकाचा नसतो, अक्षराचा असतो. 'कंटाळवाणं' म्हणून काढून टाकायच्या आधी अक्षर वाढवून दहा पानं वाचून बघा. आणि विकत घेण्याआधी नमुना उतरवता येतो, फुकट असतो. नमुन्यात मन रमलं नाही तर तिथंच थांबायचं.

बावड्याचा_मास्तर

काका, मॅडमचं ऐकू नगासा, म्हंजे चोरीचं सोडून बाकीचं. एक बी काढू नगासा.

मी गगनबावड्याकडं शाळेवर हाय. (बावडा म्हटलं की लोक कसबा बावडा समजत्यात, त्यो न्हवं.) शाळेत दिवसभर प्रमाणभाषा बोलतो, हितं न्हाई बोलणार. आमच्याकडं जूनमधी जो पाऊस धरतो त्यो गणपतीपातूर सोडत न्हाई. झाड पडलं की लाइट गेली, दोन दोन दिस येत न्हाई. लाइट गेली की टॉवर गेला. घाटात दरड आली की एसटी बंद. आता तवा 'खात्यात हाय, पाहिजे तवा उतरवा' म्हणायचं कुणाला? खातं ऱ्हायलं पुण्या-मुंबैला, आमी ऱ्हायलो ढगात. जे डबीत हाय तेवढंच आपलं.

माझ्याकडं ३४० हायती. कायबी जड न्हाई झालं. फक्त कलेक्शन करून ठेवल्याती. दुकानात कप्पे अस्त्यात तसं. एकाचं नाव 'पाऊस', जाडजूड कादंबऱ्या, चार दिस हलायचं न्हाई अशा. एक 'पोरं', शाळेत वाचून दाखवायच्या गोष्टी. एक 'झोप', ह्यात मुद्दाम कंटाळवाणी ठेवल्याती, पाच पानांत काम हुतंय. वाचून झालं की 'झालं' मधी ढकलायचं. मग यादी उघडली की पुस्तकं दिसत न्हाईत, चार कप्पे दिसत्यात. विमान मोड कायम चालू, बॅटरीचं नावच घ्यायला नगो. आणि पावसात नेताना झिपलॉकच्या पिशवीत घालायचं, टच पिशवीवरनं बी चालतो.

गेल्या पावसात चौथीच्या वर्गात भर दुपारी अंधार झाला. पोरं म्हणाली, सर डबी काढा. डबीला आतला उजेड अस्तोय न्हवं. सगळी भवतीनं बसली, मी वाचतोय आणि मागच्या रांगेतला एक जण दर दोन मिन्टाला इचारतोय, "सर, किती टक्के ऱ्हायलं?" त्येला वाटायचं टक्के संपले की गोष्ट संपंल. त्या दिवशी डबीत गोष्टी दोनच असत्या तर काय केलं असतं, सांगा.

सातवी_गल्ली

मास्तर, तुमचं पटलं. गगनबावड्याला माझा २३ चा हिशेब चालणार नाही. पण बिनकार्ड शाहूपुरीत राहतात, त्यांच्याकडं दरड येत नाही.

बावड्याचा_मास्तर

पाणी येतंय की मॅडम.

बिनकार्ड

तीन रविवार गेले. हिशेब देतो, कारण सल्ला घेऊन गायब होणारे लोक मला आवडत नाहीत.

आधी सगळा फोल्डर हार्डडिस्कवर उतरवला. मग रजिस्टर काढलं, रेघा मारल्या आणि स्टॉक व्हेरिफिकेशनला बसलो, अगदी ३१ मार्चसारखा. बायकोनं चहा आणून ठेवला आणि विचारलं, "ऑडिटर कधी येणार?"

बॅटरीचा गुन्हेगार सापडला. तीन फाइली होत्या, दोन दिवस त्याच तिघी यादीत हटून बसलेल्या. काढल्या. आज नववा दिवस, अर्ध्याच्या वर चार्जिंग आहे. कॅलिबरवाले, तुमच्या नावानं एक मिसळ उधार.

त्या तीन धरून ६१२. त्यातली ९७ स्कॅनची निघाली, ती संगणकावर गेली. ५८ दुबार. एक पुस्तक सात वेगवेगळ्या नावांनी सात वेळा. स्टोअरला असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती. ७० उघडल्यावर डॉलर आणि टिंबं, वरच्या त्या तीन मिळून ७३ बाद. ११ पुस्तकंच नव्हती: भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिका, होस्टेलच्या मेसचा हिशेब, आणि एक कुणाचं तरी लग्नाचं बायोडेटा पान, मुलगी एम.कॉम., उंची पाच फूट दोन. ते मी वाचलं, कबूल करतो. तीन महिन्यांत वाचलेली दुसरी गोष्ट ती.

उरली ३७३. यातली ३०१ मॅडम म्हणतात त्यातली. दुकानात मिळतात, लेखक हयात आहेत किंवा जाऊन ६० वर्षं झालेली नाहीत. दोन रात्री नुसता बघत बसलो. डंपरवाल्या पुस्तकांपैकी काही त्यात होती, तीच नावं, त्यामुळं हात चालेना. शेवटी एकेक करत काढली, डिस्कवरूनही काढली. सिलेक्ट ऑल केलं नाही. प्रत्येकाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून मग काढलं. या वेळी मोजून बाहेर गेला माल. त्यातली चार लगेच विकत घेतली, बाकीच्यांपुढं टिक करून ठेवलीय, जमेल तशी घेईन.

राहिली ७२. कंपनीत मोल्डिंगवाल्याला मी अख्खा रॅक नेऊन देत नाही, त्या शिफ्टला लागेल तेवढंच इश्यू करतो. ही डबी म्हणजे मोल्डिंगवाला, हे डोक्यात यायला मला तीन महिने लागले, आणि २६ वर्षं तेच काम करतोय. तर ३१ डबीत ठेवली, विकत घेतलेली चार धरून ३५. मास्तरांसारखे कप्पे केलेत, तीनच: 'चालू', 'पुढचं', 'परत'. न वाचलेली पाचावर आली की नवीन इश्यू. बाकीची ४१ डिस्कवर. डिस्क स्टीलच्या डब्यात, माळ्यावर. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा भिंतीवर पेन्सिलनं खूण करून ठेवली होती, माळा तिच्यापेक्षा चार फूट वर आहे.

'झोप' कप्पा केला नाही. त्याची गरज नाही, मला कुठल्याही पुस्तकावर येते. अक्षर मात्र दोन घरं वाढवलं. मॅडम, एवढा फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं, एक पुस्तक उगाच 'जड' म्हणून बाजूला टाकलं होतं, ते परवा संपलं.

काल भाच्याचा फोन. "मामा, अजून दोनशे गोळा केलीत, गणपतीला येताना आणू?" म्हटलं आण, पण पेनड्राइव्ह गेटवर ठेव, माझ्याकडं इनवर्ड होणार नाही.

बावड्याचा_मास्तर

काका, मग ती दोनशे हिकडं लावून द्या की.

सातवी_गल्ली

मास्तर!